तळेगावात ह्युंदाई आली, म्हणून फ्लॅट घ्यावा का?

इंद्रायणीकाठ:
जनरल मोटर्सचा बंद पडलेला, पुण्याजवळच्या तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतला आणि २०२५ मध्ये तिथे पुन्हा उत्पादन सुरू झालं. माझं मत, घ्यावा. मोटारीचा कारखाना एकटा येत नाही. सीट, बंपर, इंधनटाकी हे भाग हलके पण जागा खाणारे. ट्रकमधून निम्मी हवाच वाहून न्यावी लागते, म्हणून पुरवठादार जवळच शेड टाकतात. गेटच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या नोकऱ्या जास्त होतात आणि त्या करणाऱ्या सगळ्यांना राहायला घर लागतं.

हिशेबी:
लागतं, पण कुठलं? लाइनवरचा ट्रेनी किंवा कंत्राटी मुलगा चौघांत खोली घेतो, नाहीतर कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहतो. मॅनेजरची मुलं शहरातल्या शाळेत, म्हणून तो बाणेर-वाकडला राहतो आणि कंपनीच्या बसने येतो. तुमचा वन बीएचके भाड्याने घेणारा या दोघांच्या मधला. तो वर्ग जाहिरातीत दिसतो तेवढा मोठा नाही.

आता आकडे. समजा फ्लॅट ३५ लाखांचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि किरकोळ खर्च धरून साडेसदतीस. भाडं १०,००० धरा, म्हणजे वर्षाला १,२०,०००. त्यातून एक महिना रिकामा १०,०००, मेंटेनन्स २४,०००, घरपट्टी आणि डागडुजी ६,०००. हातात ८०,०००, म्हणजे सव्वादोन टक्केसुद्धा नाही. २८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता २४,३०० च्या आसपास. दरमहा साडेसतरा हजार खिशातून घालायचे.

इंद्रायणीकाठ:
भाड्यासाठी कोण घेतं? भाव वाढतो त्यासाठी घेतात.

हिशेबी:
मग याच कारखान्याकडे बघा. २००८ ला सुरू झाला. २०१७ अखेर जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं थांबवलं, फक्त निर्यात चालू ठेवली. डिसेंबर २०२० ला उत्पादनच बंद. मध्ये चीनची ग्रेट वॉल मोटर्स घेणार होती, पण सरकारी परवानगी मिळाली नाही आणि २०२२ मध्ये तो व्यवहार गुंडाळला गेला. तेव्हा "चिनी कंपनी येतेय" म्हणून घेणारेही होतेच की. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्पही तळेगावला येणार अशी चर्चा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातशी करार झाला. जमिनीचा भाव कुणकुणीवरच चढतो. यंत्रं बसेपर्यंत आपल्यासारख्यांच्या वाट्याला वरचा भाव उरतो.

फेरफार:
फ्लॅटचं एक वेळ ठीक, प्लॉटवाल्यांनी जास्त जपावं. "कंपनीलगत एक गुंठा" म्हणून विकतात ते बहुतेक वेळा मंजूर लेआउट नसलेलं शेत असतं. अकरा गुंठ्यांचं एक खरेदीखत, त्यावर दहा खरेदीदार, सातबारा सामाईक. चुन्याने आखलेल्या हद्दीला मोजणीत अर्थ नाही. पुढे विकताना बाकी नऊ जणांच्या सह्या गोळा करा. तुकडेबंदी कायद्यात (शेतीचे बारीक तुकडे पाडायला मनाई करणारा कायदा) जुन्या तुकड्यांना सवलत मिळाली म्हणून नवा तुकडा आपोआप कायदेशीर होत नाही.

आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात एमआयडीसीच्या (सरकारी औद्योगिक महामंडळाच्या) संपादनाचा शेरा आहे का, ते आधी पाहा. कंपनी जवळ हवी म्हणून घेतलेली जागा कंपनीसाठीच संपादित व्हायची! फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, किमान ३० वर्षांचे काढा, जमीन शेती की निवासी विभागात आहे ते सांगणारा झोन दाखलाही घ्या.

इंद्रायणीकाठ:
प्लॉटबाबत मान्य. पण घर थेट कंपनीला भाड्याने देण्याचा पर्याय तुम्ही दोघांनीही धरलाच नाहीत. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ३ बहुराष्ट्रीय कंपन्यांना आणि १ कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांना भाडेकरू-संरक्षणातून स्पष्ट वगळतं. भाडं वेळेवर येतं, तीन वर्षांचा करार होतो.

हिशेबी:
होतो, पण लॉक-इन, म्हणजे ठरल्या मुदतीआधी करार न मोडण्याची अट, बहुतेक वेळा घरमालकालाच. कंपनीला एक-दोन महिन्यांच्या नोटिशीवर सुटता येतं. मसुद्यातलं ते कलम दोन्हीकडे सारखं करून घ्या. करार नोंदवलेला हवा. शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यामुळे वाचवण्यासारखं काही नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर कंपनीचा लीगल विभाग दारातूनच परत पाठवतो.

टँकर_नंबर_तीन:
एक बघायचं राहिलं, पाणी. हिंजवडीत कंपन्यांची रांग लागली, तरी कित्येक सोसायट्या टँकरवर. उन्हाळ्यात मेंटेनन्स फुगतो आणि भाडेकरू आधी तेच विचारतो.

फेरफार:
बरोबर. सोसायटीकडून एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा. आणि सकाळी सहाला, पहिल्या पाळीच्या वेळी, कंपनीची बस कुठल्या नाक्यावर थांबते ते पाहा. त्या थांब्यापासून चालत दहा मिनिटांत असलेलं जुनं घर, कारखान्यामागच्या नव्या टॉवरपेक्षा लवकर भाड्याने जातं.

इंद्रायणीकाठ:
ठीक, मग रीसेलचा, म्हणजे जुना फ्लॅट. पण तळेगावातच, आणि स्टेशनच्या बाजूला. चाकण, पिंपरी, पुणे तिन्हीकडे जाणारा तिथे राहू शकतो.

हिशेबी:
यावर भांडण नाही. फक्त ३५ ऐवजी २८ लाखांना मिळतोय का बघा.