मदत हवी आहे: टीव्हीवर गेम खेळताना बटण दाबल्यावर उशिरा हलतंय, लॅग कमी कसा करू?

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे डोकं खाल्लंय या प्रकाराने म्हणून शेवटी धागा काढतोय. आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडली नाही.

घरी गेमिंग लॅपटॉप आहे, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्डवाला, त्याचा स्वतःचा पडदा १४४ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं). दिवाळीत हॉलमध्ये ४३ इंची फोर के टीव्ही घेतला, ६० हर्ट्झचा, फार भारीतला नाही. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडतो आणि ब्लूटूथ कंट्रोलर घेऊन सोफ्यावर. इथपर्यंत स्वर्ग.

आता सुट्टीला भाचा आलाय आणि आम्ही दोघं क्रिकेटची गेम खेळतो. त्यात शॉट मारल्यावर टायमिंग दाखवतात, अर्ली, लेट, परफेक्ट वगैरे. लॅपटॉपवर खेळलो की माझे दहातले सहा-सात परफेक्ट येतात, टीव्हीवर त्याच बॉलरला त्याच लेव्हलला सगळेच्या सगळे लेट. बॉल टप्पा पडून आत आलेला दिसतो, मी बटण दाबतो, आणि बॅट खाली येईपर्यंत मागे स्टंप पडलेले असतात. भाचा म्हणतो मामा तू म्हातारा झालास. त्याचंही लेटच होतं पण तो एक सेकंद आधीच अंदाजाने दाबतो आणि सिक्स जाते, याला काय अर्थ आहे.

आत्तापर्यंत केलेले उपाय:
गेम मोड ऑन केला. काही फरक नाही.
दुकानदाराने सांगितलं तुमची केबल साधी आहे, ही सोन्याचा मुलामा असलेली एट के वाली घ्या, लॅग जाईल. घेतली. लॅग आहे तिथेच, पैसे गेले.
लॅपटॉप फॉरमॅट मारणार होतो पण बायकोने अडवलं.

नवीन मॉनिटर घ्या असं कृपया सांगू नका, घरात जागाही नाही आणि ते वाक्य उच्चारायची माझी हिंमतही नाही.

रात्रपाळी:
मॉनिटर घ्या.

(गंमत केली हो. सीरियसली, टीव्ही हा गेमसाठी बनलेलाच नसतो, पण थोडंफार जमतं. जाणकार येतीलच.)

गल्लीतला बॅट्समन:
गेम मोड ऑन केला म्हणजे नक्की कुठे केला? टीव्हीच्या रिमोटवरून की लॅपटॉपमध्ये?

धागाकर्ता:
लॅपटॉपमध्ये. विंडोजच्या सेटिंगमध्ये गेमिंग आहे त्यात गेम मोड आहे तो.

गल्लीतला बॅट्समन:
तिथेच गाडी अडकली राव. विंडोजचा गेम मोड वेगळा आणि टीव्हीचा वेगळा, दोघांचं नाव एक आहे एवढंच. विंडोजवाला गेम चालू असताना मागची बाकीची कामं जरा गप्प बसवतो, टीव्हीच्या आत काय चाललंय त्याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

टीव्हीकडे चित्र आलं की तो ते लगेच दाखवत नाही. आधी रंग चढवतो, मुंग्या साफ करतो, कडा धारदार करतो, लहान चित्र असेल तर फोर के ला ताणतो, आणि हे सगळं करायला एकेक दोन-दोन चित्रं स्वतःकडे धरून ठेवतो. त्यात मोशन स्मूथ करायचं सेटिंग तर वेगळीच तऱ्हा, दोन चित्रांच्या मधलं चित्र बनवायचं तर पुढचं चित्र आधी हातात यायला नको का, म्हणजे टीव्ही मुद्दाम थांबणारच. तुमच्या ६० हर्ट्झच्या टीव्हीत ६० च्या गेमला मधली चित्रं घालायला जागाच नाही, तरी ही सगळी साखळी वाटेत बसलेली असतेच. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं, पाच-सहा चित्रं अडली की झाले ८०-१००. सिरियल बघताना हे कोणाला कळतही नाही कारण आवाजही तेवढाच मागे ठेवतात. गेममध्ये मात्र तुमचा अंगठा वाट बघत बसतो.

रिमोटवरून पिक्चर मोडमध्ये जा, गेम निवडा. लॅपटॉप लावलेला असताना त्याच पोर्टवर असतानाच करा.

चाकोरीबाहेर:
+१. आणि केबलवाल्या दुकानदाराला माझा नमस्कार सांगा. दोन मीटर केबलमधून सिग्नल जायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे एका मिलिसेकंदाचा लाखावा भाग. सोनं लावा नाहीतर चांदी, त्यात वाचवायला काही शिल्लकच नाही. चांगली केबल लागते ती चित्र तुटू नये म्हणून, फोर के ६० ला एचडीएमआय २.० एवढी क्षमता लागते तेवढी असली की बास.

माझं म्हणणं असं की अंदाजाने सेटिंग फिरवत बसू नका, आधी मोजा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमचं असेल तर काम झालं. कंट्रोलर टीव्हीसमोर असा धरा की अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील. बटण दाबा, बॅट हलली की थांबवा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बटण पूर्ण खाली गेल्यापासून बॅट हलेपर्यंत फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. पाच वेळा करा आणि सरासरी काढा, एकदाच केलं तर फसाल.

धागाकर्ता:
केलं! भाच्याला कॅमेरामन केला, तो कटिंगच्या बदल्यात तयार झाला (वय १२, ताईला सांगू नका).

लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर सरासरी १५ फ्रेम. म्हणजे ६२ की ६३ मिलिसेकंद. टीव्हीवर ४१. एकेचाळीस! १७१ मिलिसेकंद झाले हो हे. म्हणजे मी म्हातारा नाही. भाच्याला व्हिडिओ दाखवला, तो म्हणतो थोडा म्हातारा आहेस.

मग रिमोटवरून पिक्चर मोड गेम केला. चित्र एकदम फिकं झालं, पाणी घातलेल्या आमटीसारखं, पण मोजलं तर २३ फ्रेम. एका बटणात ४१ चे २३, तीन आठवडे मी काय करत होतो देव जाणे. अजून लॅपटॉपपेक्षा आठ फ्रेम जास्त आहेत, ते कुठून काढू?

चाकोरीबाहेर:
मस्त. आता उरलेलं तुमच्याच लॅपटॉपमध्ये आणि हातात आहे. तीन प्रश्न. गेम टीव्हीवर फोर के मध्येच चालवताय का? व्ही-सिंक (चित्रं पडद्याच्या ठेक्यावरच पाठवायचं सेटिंग) चालू आहे का? लॅपटॉपचा पडदा पण एकाच वेळी चालू असतो का?

धागाकर्ता:
हो, हो आणि हो. फोर के टीव्ही घेतलाय तर फोर के मध्ये नको का खेळायला?

चाकोरीबाहेर:
३०५० ला फोर के म्हणजे रिक्षात वऱ्हाड. तुम्हाला सेकंदाला ३५-४० चित्रं मिळत असतील, म्हणजे एकेक चित्र बनायलाच २५ मिलिसेकंदांच्या वर. तुमचं बटण पुढच्या चित्रात दिसणार आणि ते चित्रच उशिरा येणार. गेमचं रिझोल्यूशन १०८० वर आणा, ६० पक्के मिळायला हवेत. सोफ्यावरून ४३ इंचात फरक फार कळत नाही, माझं मत.

विंडोज आणि पी दाबून फक्त दुसरा स्क्रीन निवडा. डुप्लिकेट ठेवलं की १४४ वाला आणि ६० वाला दोघांना एकाच दोरीला बांधल्यासारखं होतं.

व्ही-सिंकमुळे चित्रांची रांग लागते. बंद केलंत तर रांग जाते पण चित्र मधेच आडवं फाटल्यासारखं दिसतं, कॅमेरा फिरवताना जास्त. ते सहन होत नसेल तर व्ही-सिंक चालू ठेवून एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये लो लेटन्सी मोड अल्ट्रा करा आणि फ्रेम ५९ ला अडवा. सेकंदाला एक बारीक झटका बसेल कारण ६० ला एक चित्र कमी पडतं, क्रिकेटमध्ये जाणवणार नाही. एखाद्या गेममध्ये रिफ्लेक्स (लॅग कमी करायची एनव्हिडियाची सोय) असेल, जसं व्हॅलोरंटमध्ये आहे, तर ते चालू करून टाका. आणि फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कार्डानेच बनवून घालायची सोय) नावाचं काही दिसलं तर लांब राहा, आकडा वाढतो पण लॅगही वाढतो.

वाचनमात्र:
सात वर्षं नुसता वाचतोय, आज लॉगिन केलं. कंट्रोलर वायरने लावून बघा, ब्लूटूथपेक्षा बरा पडतो. आणि बिनवायरीच वापरायचा असेल तर लॅपटॉपच्या त्याच बाजूला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावू नका. यूएसबी ३ ची गडबड २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरते आणि ब्लूटूथ, डोंगल (कंट्रोलरचा यूएसबीत लावायचा रिसीव्हर) सगळं तिथेच बोलतं. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर पेपर काढला होता. आमच्याकडे डोंगल हातभर एक्स्टेन्शनवर लांब नेला तर कंट्रोलर अडखळायचा थांबला.

धागाकर्ता:
अपडेट.

१०८०, फक्त टीव्ही, लो लेटन्सी, ५९: १८ फ्रेम.

कंट्रोलर वायरने लावला, काहीच फरक नाही. मग लक्षात आलं की ड्रॉवरमधली ती केबल नुसती चार्जिंगची आहे, डेटा जातच नाही तिच्यातून, कंट्रोलर आपला ब्लूटूथवरच चालू होता. मोबाईलची चांगली केबल लावली, १६ फ्रेम. ६७ मिलिसेकंद. लॅपटॉपच्या एक फ्रेम मागे!!

काल रात्री दहात सहा परफेक्ट. भाचा अंदाजाने आधीच दाबत होता ना, त्याचे आता सगळे अर्ली यायला लागलेत. खूप आनंद झाला, लपवत नाही.

रात्रपाळी:
मुलाला तीन आठवडे चुकीच्या टायमिंगवर तयार करून मग सेटिंग बदललं. मामा असावा तर असा.

धागाकर्ता:
मंडळी परत आलोय. चार दिवस सुरळीत होतं, आज पुन्हा तेच. तेच काय, जास्त वाईट, माउसचा बाणसुद्धा चिखलातून ओढल्यासारखा चाललाय. सेटिंग काही बदललं नाही, शपथ.

गल्लीतला बॅट्समन:
विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन हर्ट्झ बघा किती दाखवतंय.

धागाकर्ता:
३०! कसं काय?

गल्लीतला बॅट्समन:
केबल दुसऱ्या पोर्टला गेलीय का?

धागाकर्ता:
आईने सकाळी टीव्हीमागची जळमटं काढली. विचारलं तर म्हणाली एक वायर निघाली होती, मी परत लावली की. लावली खरी, पण एच-२ (एचडीएमआय २ पोर्ट) च्या जागी एच-१ ला. आणि वर म्हणते, आता नीट लागलीय, आधी सैल होती.

गल्लीतला बॅट्समन:
बरोबर. बऱ्याच टीव्हींमध्ये पिक्चर मोड प्रत्येक पोर्टचा वेगळा लक्षात ठेवतात, एच-२ ला गेम लावला म्हणजे एच-१ ला लागला असं नाही. दुसरं म्हणजे काही टीव्हींत एचडीएमआयचा एन्हान्स्ड का काय तो फॉरमॅट पण पोर्टागणिक चालू करावा लागतो, नाहीतर ते पोर्ट जुन्या १.४ सारखं वागतं आणि फोर के ला ३० च्या वर जात नाही. एकतर केबल जागेवर आणा नाहीतर दोन्ही सेटिंग एच-१ ला पण करून टाका. आणि पोर्टचं नाव बदलून पीसी ठेवायची सोय असेल तर तेही करून बघा, काही टीव्हींत त्याने अक्षरं स्वच्छ दिसतात. केल्यावर परत मोजा मात्र.

आटपाटनगर, न्यू जर्सी:
इकडे माझ्याकडे १२० हर्ट्झचा आहे, एएलएलएम (ऑटो लो लेटन्सी मोड) असल्यामुळे गेम लावली की टीव्ही आपोआप गेम मोडला जातो, रिमोट हातात घ्यावा लागत नाही. व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे टीव्हीचे हर्ट्झ बदलतात ते) पण आहे, त्यामुळे फाटणं-बिटणं विषयच नाही. पुढच्या वेळी टीव्ही घेताना डब्यावरचा एट के, एआय वगैरे न बघता या दोन गोष्टी बघा.

धागाकर्ता:
पुढचा टीव्ही म्हणजे साधारण भाच्याच्या लग्नात.

केबल एच-२ ला लावली, १६ फ्रेम परत आल्या. पोर्टच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलंय, आई ही वायर इथेच. आईने वाचलं आणि विचारलं, मग दुसरीवर काय लिहायचं.

एक राहिलं. ब्लूटूथ स्पीकर लावला की बॅटचा टक् आवाज शॉट मारून झाल्यावर येतो, त्याचं काही करता येईल का?

वाचनमात्र:
वायर.