देखरेखीचा सल्लागार केवळ दरावर निवडू नये

चौक सुधारणा आणि पदपथांच्या कामावर देखरेख करणारा सल्लागार सर्वांत कमी दराच्या निविदेनुसारच नेमावा, असे मत मांडले जाते, ते मला पटत नाही. देखरेखीचा खर्च मुख्यतः जागेवर हजर राहणाऱ्या अभियंत्यांच्या पगाराचा असतो. दर फार खाली गेला की निविदेत अनुभवी माणसाचे नाव आणि कामावर नवशिका, असा प्रकार घडतो. गुणवत्ता आणि दर यांना, उदाहरणार्थ ७०:३० असा, भार देणारी निवडपद्धत त्यासाठीच आहे. शिवाय ज्या संस्थेने आराखडा केला तिच्याकडेच सुरक्षा परीक्षण, म्हणजे रस्त्यातील अपघाताच्या धोक्यांची तपासणी, देऊ नये. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या, या परीक्षणावरील ‘एसपी ८८’ पुस्तिकेलाही स्वतंत्र परीक्षकच अपेक्षित आहे. काम चालू असतानाचे कठडे, सूचनाफलक आणि रात्रीचे दिवे यांसाठी त्याच संस्थेची ‘एसपी ५५’ पुस्तिका आहे, पण बिलात ही बाब किरकोळ दिसते आणि (पादचारी तक्रार करून थकतो म्हणून) तीच आधी गाळली जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ नुसार, विहित मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास सल्लागारालाही १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्या कंत्राटापुढे ही रक्कम नगण्य असल्याने, अभियंत्याच्या गैरहजेरीबद्दलची कपात करारातच लिहून घेणे मला अधिक परिणामकारक वाटते.