मदत हवी आहे: मधुमेहाचं पत्रक सोप्या मराठीत कसं लिहू?

नमस्कार मंडळी, रक्त तपासणीला येणाऱ्यांसाठी एक पानी पत्रक लिहितेय. 'उपाशीपोटी यावे' एवढंच छापलं होतं, तर एक आजोबा रात्रभर पाण्याचा थेंबही न घेता आले! आता '८ तास काही खाऊ नका, साधं पाणी प्या' असं केलंय.

अडलंय ते एचबीए१सी या रक्तचाचणीपाशी. 'गेल्या २-३ महिन्यांतली सरासरी साखर' म्हटलं, तरी लोक आदल्या दिवशीचं पथ्य सांगत बसतात. यासाठी घरगुती उपमा सुचवाल का?

शिवाय 'कळलं का?' विचारलं की सगळेच मान डोलावतात (मीही डोलावते). 'तुमच्या शब्दांत सांगा' म्हटलं की खरं समजतं, पण परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. तुम्ही कसं विचारता?