‘सिव्हिलियन कॅज्युअल्टी’ : मुलकी, बळी की हताहत?

तेरणाकाठ
दिवाळी अंकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत करायलोय. ९/११ नंतरच्या युद्धांत किती माणसं मेली याचा हिशेब अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाचा एक प्रकल्प ठेवतो, त्यावर आहे. थेट लढाईत मेलेले नऊ लाखांच्या घरात. आणि लढाईमुळं आलेली उपासमार, रोगराई, बंद पडलेले दवाखाने यांनी मेलेले ३६ ते ३८ लाख. मी ‘मुलकी मृत्यू’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘निष्पाप नागरिकांचे बळी’ केलं. ‘कॅज्युअल्टी’ला ‘हताहत’ लिहिलं होतं, ते मथळ्यात ‘ठार’ झालं. म्हणजे जखमींनाही आम्हीच मारलं. सुचवा काहीतरी.

कोशातला_किडा
हत + आहत = मेलेले आणि घायाळ. तुमचं बरोबर होतं, पण हिंदी वाहिन्या ऐकून लोक त्याचा अर्थ नुसता ‘मेलेले’ असा घेतात. सरळ ‘मृत व जखमी’ लिहा. ‘निष्पाप’ मात्र आधी काढा. मेलेल्याचं पापपुण्य तपासायला संपादक काय चित्रगुप्त आहेत? ‘बळी’ही नको. बळी देवाला देतात. इथं देव कोणता?

नाना_परभणी
‘दुष्काळाचे बळी’ म्हणतोच की आपण, तिथं कुठला देव असतो? पण ‘मुलकी’ मलाही खटकलं. आमच्याकडं मुलकी म्हणजे निजाम संस्थानचा रहिवासी. वडिलांना नोकरीसाठी मुलकी सर्टिफिकेट काढावं लागलं होतं. बाहेरचा तो गैरमुलकी. १९५२ ला त्यावरून हैदराबादेत आंदोलन पेटलं, गोळीबार झाला. ‘मुलकी मृत्यू’ वाचून वाटलं, गाववाले गेले आणि पाहुणे वाचले!

सदाशिवपेठी
मुलकी पाटील, मुलकी खातं, मुलकी विरुद्ध लष्करी, ही जोडी जुनी आहे. निजामाच्या एका सर्टिफिकेटापायी साऱ्या महाराष्ट्रानं शब्द टाकून द्यायचा का? आणि शुद्धच हवा असेल तर ‘असैनिक’ आहे.

नाना_परभणी
असैनिक म्हणजे आमचा पेन्शनीत निघालेला हवालदारसुद्धा. आणि मराठवाडा महाराष्ट्रातच येतो, अजून तरी.

वैजू_वाशी
तुमचं चालू द्या. मला त्या ३६ लाखांवर बोलायचंय, कारण त्याला आमच्या आजीकडं शब्द होता.

१९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं गाव उठलं. आजी पोटाशी सात महिन्यांचं पोर धरून परांड्याकडून बार्शीला निघाली. बार्शी तेव्हा इंग्रजी मुलखातली ना, १९४७ नंतर हिंदुस्थानात आलेली. पोराला हगवण लागली. प्यायला डबक्याचं पाणी. दुसऱ्या रात्री ते गेलं. ओढ्याकाठी पुरलं, वर दगड ठेवले कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. कुणी गोळी झाडली नाही, तलवार उगारली नाही. पण लेकरं किती असं विचारलं की आजी सांगायची, “पाच. चार हायती, एक रझाकारीत गेला.” हगवणीनं गेला असं ती कधीच म्हणाली नाही. आता हा कुठल्या रकान्यात घालायचा?

औशाचा_इनामदार
वैजूताई, आमच्या घरातही असंच बोलणं, फक्त शब्द वेगळा. आमच्यात ‘पुलिस ॲक्शन में गए’ म्हणतात. नानीचे दोन भाऊ आणि एक आत्या. आत्या विहिरीत सापडली. ढकललं की तिनं उडी घेतली, यावर घरात आजही दोन मतं आहेत.

शब्दांचाच धागा आहे तर हेही बघा. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून नळदुर्गावर आलं ते हिंदुस्थानचं लष्कर, रणगाड्यांसकट. नाव मात्र पोलीस कारवाई. त्यानंतरच्या मुसलमानांच्या कत्तलींची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती फिरली. तिच्या अंदाजानं २७ ते ४० हजार माणसं मेली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद आणि नांदेड. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता. युद्धच नव्हतं, तर युद्धातले मेले कुठून?

सदाशिवपेठी
विषयांतर होतंय. रझाकारांनी काय केलं तेही मांडा मग.

औशाचा_इनामदार
वैजूताईंनी मांडलंय की वर. मी त्यांच्या आजीचं लेकरू खोडत नाहीये. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी आमच्याच लातूरचा वकील, हे आम्हाला पुण्याहून कळायला नको.

कोशातला_किडा
भांडू नका. लढाईत नसलेल्यांना मराठीत खराखुरा शब्द होता, आपणच त्याची शिवी केली. बुणगे! पानिपतावर फौजेबरोबर गेलेले यात्रेकरू, बायका, वाणी, भटारी, सगळे बुणगे. १७६१ पासून हारीचं खापर त्यांच्याच डोक्यावर. त्या सांकेतिक निरोपातही दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. बुणगे त्या खुर्द्यात.

वैजू_वाशी
‘लाख बांगडी फुटली’ हेही कुणी कुणी त्यात जोडतं. खरं असो नसो, मोजायची ती रीत मला पटते. मागं उरलेल्या बायकांवरून मोजायचं.

नाना_परभणी
बुणगे हे ‘बुनना’वरून, म्हणजे विणकर. तळाबरोबर कोष्टी असायचे, तंबू शिवायला. माझे आजोबा सांगायचे.

कोशातला_किडा
नाना, तुमच्या आजोबांना नमस्कार, पण फारसी ‘बुंगाह’, म्हणजे सामानसुमान. सामान वाहणारी माणसंही सामानातच जमा.

सदाशिवपेठी
फारसी कशाला? ‘बुणगा’ देशी शब्द आहे.

नाना_परभणी
तंबू काय फारसी लोक शिवत होते?

तेरणाकाठ
मंडळी, पान उद्या सकाळी छापायला जातंय. ‘सिव्हिलियन’ला काय लिहू तेवढं सांगा. बुणगे लिहिलं तर संपादक मला हाकलतील.

औशाचा_इनामदार
‘सामान्य माणसं’ लिहा.

कोशातला_किडा
सैनिक काय असामान्य असतात? ‘सिव्हिलियन’च ठेवा, कळतं सगळ्यांना.

सदाशिवपेठी
म्हणजे इंग्रजी चालतं, मग ‘मुलकी’नं काय घोडं मारलं होतं?

नाना_परभणी
त्या सर्टिफिकेटाचा फोटो टाकतो थांबा. नातू आला की.