मदत हवी आहे: सुपरवायझर सिस्टीममध्ये एंट्रीच करत नाहीत, अर्जंट

कडकभाकरी_कोडर: नमस्कार मंडळी. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून सोलापूरला परत आलोय, चार महिने झाले एका कारखान्यात सिस्टीम बघतोय. नवीन सॉफ्टवेअर बसवलं, दोनदा ट्रेनिंग दिलं, सगळी बटणं मराठीत करून दिली. तरी आमचे सुपरवायझर लाल वहीतच लिहायलेत. रात्री मीच वहीवरून एंट्री मारत बसतो आणि स्टॉक काही जुळत नाही. सोमवारी ऑडिट. शेठ म्हणतात, "तुझं कॉम्प्युटर चुकतंय." लोकांना सिस्टीम वापरायला कसं लावायचं? लवकर सांगा.

लूमवाला: कारखाना कशाचा ते लिहा की आधी.

कडकभाकरी_कोडर: टॉवेलचा. अक्कलकोट रोड एमआयडीसी.

जुळे_सोलापूरकर: वही जप्त करा. आमच्याकडे एक तारखेपासून वही बंद केली, एंट्री नाही तर पगार नाही. आठवड्यात सगळे शिकले.

लूमवाला: आणि सोडून किती गेले?

जुळे_सोलापूरकर: दोघंच.

लूमवाला: दोघंच म्हणे! जॅकार्डवर नवीन डिझाईन चढवणारा माणूस गेला तर माग काय तुमचं सॉफ्टवेअर चालवणार का बे?

टॅक्सकाका: माल बाहेर धुवायला जातो का? जॉबवर्कचा, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला पाठवलेला माल, जीएसटीत एक वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर त्या मालाचा आयटीसी-०४ फॉर्म दर सहा महिन्यांनी भरायचा. चलनं जपून ठेवा.

कडकभाकरी_कोडर: काका, माल बाहेर जातो, पण माझा प्रश्न तो नाहीये.

पूर्वभागातली_ताई: सुपरवायझर घरी तेलुगू बोलतात का? माझे सासरे मराठी झकास बोलतात, पण आकडे मनात तेलुगूतच मोजतात. तुमची मराठी बटणं बघून गप्प बसत असतील. जरा शेजारी बसून चहा घ्या त्यांच्याबरोबर.

जुळे_सोलापूरकर: चहाने ऑडिट होत नाही ताई.

पूर्वभागातली_ताई: पगार अडवूनही होत नाही. तुमच्याकडे नळाला पाणी कधी आलं हो? आमच्याकडे आज पाचवा दिवस.

रिटायर_मास्तर: पाण्याचं नंतर. कोडर, सिस्टीममध्ये माल कमी दिसतो का जास्त? नगात का किलोत?

कडकभाकरी_कोडर: किलोत. सिस्टीममध्ये कमी, गोदामात जास्त. उलट धुलाईवाल्याकडे आमचा माल बाकी दिसतो, तो म्हणतो माझ्याकडे एक टॉवेल शिल्लक नाही.

रिटायर_मास्तर: मग चोरी नाही. ३० बाय ६० इंची, ४०० जीएसएमचा (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) टॉवेल साधारण ४६५ ग्रॅम, म्हणजे डझन साडेपाच किलोच्या वर. हे झालं तयार मालाचं. मागावरून उतरतो तेव्हा ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, सायझिंगची खळ लावलेली असते, धुलाईत ती निघून जाते. नग तेवढेच येतात, वजन कमी येतं. वर सुती माल हवेतलं पाणी ओढतो, पावसाळ्यात काटा वेगळाच बोलतो. वहीत रकाने कोणते आहेत ते बघून लिही.

कडकभाकरी_कोडर: गेलेला माल, आलेला माल, आणि तिसरा 'ख'. खराब माल असणार, मी रिजेक्शनमध्ये टाकतो. मागच्या लॉटला ३०० गेला, २७९ आला, ख २१.

लूमवाला: 😂😂

रिटायर_मास्तर: बाळा, ख म्हणजे खळ.

कडकभाकरी_कोडर: एक मिनिट. म्हणजे आलेल्या २७९ मधून मी पुन्हा २१ वजा करत होतो? आणि तेच २१ धुलाईवाल्याच्या नावावरही बाकी?

लूमवाला: चार महिने. दर लॉटला.

जुळे_सोलापूरकर: त्यांनी पूर्ण शब्द लिहायला काय झालं होतं? म्हणूनच वही बंद करा म्हणतोय.

पूर्वभागातली_ताई: आणि ह्यांनी विचारायला काय झालं होतं?

कडकभाकरी_कोडर: आत्ताच जाऊन आलो त्यांच्याकडे. म्हणाले, "तुमच्या पडद्यावर खळीला जागाच नव्हती, लिहू कुठं?" खरंच नाहीये. रकाना उद्या टाकतो. पण जुन्या एंट्र्या दुरुस्त करायच्यात, चार महिन्यांचे लॉट आहेत. ऑडिटला नुसती वही दाखवली तर चालेल का? टॅक्सकाका, आहात का?

टॅक्सकाका: आहे. चलनं आहेत का आधी सांगा.