मदत हवी आहे: २ होस्ट, ९ व्हीएम. मॉनिटरिंग लावावं का?

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेचे सर्व्हर मी एकटाच बघतो. प्रॉक्समॉक्सचे (व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) २ होस्ट, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर, त्यांवर ९ व्हीएम, म्हणजे त्यांच्या आत चालणारे आभासी संगणक. रोज सकाळी वेब इंटरफेस उघडून डिस्क, रॅम नजरेखालून घालायची आणि बॅकअपचे ईमेल वाचायचे, एवढ्यावर ४ वर्षं निभावलं.

गेल्या महिन्यात शनिवारी रात्री एलव्हीएम-थिन पूल (व्हीएमच्या डिस्कना लागेल तशी जागा देणारा होस्टवरचा सामायिक साठा) पूर्ण भरला. व्हीएमना मिळून दिलेली जागा प्रत्यक्ष डिस्कपेक्षा जास्त होती, त्यात एक जुना स्नॅपशॉट (डिस्कची त्या वेळची जपून ठेवलेली स्थिती, तीही जागा खाते) काढायचा राहून गेलेला. व्हीएमच्या आतून बघितलं तर डिस्क निम्मी रिकामी! पूलमध्ये लिहायला जागाच नाही म्हटल्यावर डेटाबेस अडकला, आणि ते कळलं सोमवारी, काउंटरवर रांग लागल्यावर. बॅकअपवरून परत उभं केलं, पण ताटकळलेले खातेदार अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आता झॅबिक्स हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर बसवावं का? त्याला स्वतःचा डेटाबेस लागतो, शिवाय एजंट (प्रत्येक मशीनवरून माहिती पाठवणारे प्रोग्राम), ट्रिगर (इशारा कधी द्यायचा त्याचे नियम) सांभाळायचे, म्हणजे आणखी एक सर्व्हर माझ्याच गळ्यात. अपटाइम कुमा हे दुसरं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर हलकं आहे, पण त्याचा भर सेवा चालू की बंद यावर. पूल कितपत भरलाय ते आपणहून सांगत नाही. मला वाटतं, क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवायची सोय) दर १५ मिनिटांनी पूल तपासून ८० टक्क्यांवर ईमेल टाकणारी स्क्रिप्ट पुरावी. पण होस्टच बंद पडला तर ईमेल पाठवणार कोण?

एवढ्याशा सेटअपवर झॅबिक्स चालवणारे कुणी आहेत का? महिन्याला किती वेळ जातो? आणि मॉनिटरिंग वेगळ्या मशीनवर, समजा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर, ठेवलंय का? कृपया अनुभव सांगा.