मदत हवी आहे: असईच्या लढाईतली ७८वी हायलँड पलटण आणि मॅकेन्झी क्लॅन

मंडळी,

असईच्या लढाईवर (२३ सप्टेंबर १८०३) लेख लिहायला घेतला आहे. शिंदे-भोसल्यांच्या बाजूची साधने बऱ्यापैकी जमली आहेत. गाडी अडली आहे ती इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेतल्या एका पलटणीपाशी: ७८वी हायलँडर्स. ही १७९३ साली उभी केली फ्रान्सिस हम्बरस्टन मॅकेन्झीने, म्हणजे उत्तर स्कॉटलंडमधल्या मॅकेन्झी क्लॅनच्या (एकाच आडनावाच्या भाऊबंदांच्या जमातीच्या) प्रमुखाने. लहानपणी आलेल्या तापात हा गृहस्थ बहिरा झाला होता. असईच्या वेळी तो स्वतः बार्बाडोसचा गव्हर्नर होता, पलटण मात्र इकडे लढत होती.

कोडे असे, की हेच घराणे आधी पक्के बंडखोर. १७१५ च्या जॅकोबाइट बंडात (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने झालेल्या) मॅकेन्झींचा तेव्हाचा प्रमुख, पाचवा अर्ल ऑफ सीफोर्थ, राजाविरुद्ध उतरला आणि किताब व जहागीर दोन्ही गमावून बसला. १७१९ मध्ये पुन्हा तेच, या वेळी स्पॅनिश सैनिक मदतीला. इंग्रज युद्धनौकांनी मॅकेन्झींचा आयलीन डोनन किल्ला उडवला (फोटोत दिसतो तो विसाव्या शतकात नव्याने बांधलेला, तेव्हा भुलू नका). खरी गंमत पुढे आहे. जहागीर जप्त झाली, पण कुळांनी खंड सरकारला दिलाच नाही! डोनल्ड मर्चिसन नावाचा कारभारी तो गोळा करून फ्रान्सात परागंदा झालेल्या धन्याला पोचवत राहिला. १७२१ मध्ये वसुलीला निघालेल्या सरकारी लोकांना त्याने ग्लेन ॲफ्रिकमध्ये बंदुकांनी अडवले. आपल्याकडच्या एखाद्या वतनदाराची बखर वाचतोय असे वाटते.

१७४५ च्या बंडात मात्र सीफोर्थचा वारस सरकारकडे आणि भाऊबंद अर्ल ऑफ क्रोमार्टी बंडखोरांकडे. दोन्ही डगरींवर हात. त्यानंतर साठ वर्षांच्या आत यांच्याच घराण्याने उभी केलेली पलटण राजासाठी दख्खनमध्ये!

पलटणीच्या चिन्हात शिंगवाल्या सांबराचे मुंडके आणि गेलिक (हायलँडची जुनी भाषा) ब्रीद, अर्थ ‘राजाला साहाय्य कर’. शिकारीत उधळलेल्या सांबरापासून तिसऱ्या अलेक्झांडर राजाला मूळ पुरुषाने वाचवले, ही त्यामागची दंतकथा. तो मूळ पुरुष आयरिश होता, ही वंशावळ इतिहासकार मानत नाहीत. फ्रान्सिसने मात्र त्या प्रसंगाचे अवाढव्य चित्र बेंजामिन वेस्टकडून काढून घेतले. मला तर यात बंडाचा डाग पुसण्याची धडपड दिसते. कुणाला हे पटत नसेल तर जरूर भांडा.

आता प्रश्न.

असईला लढलेले साधे शिपाई कितपत सीफोर्थच्या जहागिरीतले, म्हणजे लुईस बेट आणि किनटेलकडचे होते? पलटणीच्या हजेरी-पगाराच्या वह्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या कुणी हाताळल्या आहेत का? त्यात शिपायाचे गाव लिहिलेले असते, की नुसते नाव आणि पगार?

दुसरे, मोडी कागदांत या घागरेवाल्या (किल्ट घालणाऱ्या) गोऱ्यांचा उल्लेख कुणाला आढळला आहे का? पेशवे दफ्तर, नागपूरकरांची पत्रे, काहीही चालेल. एक ओळ मिळाली तरी माझ्यासाठी सोने आहे.

आणि जाता जाता: पुढच्या उन्हाळ्यात इनव्हर्नेसला जाणे होणार आहे. फोर्ट जॉर्जमधले हायलँडर्स म्युझियम बघणारच. तिथली जुनी कागदपत्रे पाहायची तर आधी पत्र पाठवून वेळ घ्यावी लागते का? युकेतल्या मंडळींनी सांगावे.